आठवी ते दहावीच्या मुलांची फिटनेस आणि आरोग्याची बॅच, गंगापूर रोड, नाशिक : वर्षभर मुलं पाठवून मग लिहितेय

आधीच सांगते, बॅचचं नाव टाकत नाहीये. सरांना विचारलं होतं लिहू का म्हणून, तर म्हणाले, "ताई, लिहा की, पण नाव नका टाकू, तीसच्या वर मुलं मी घेत नाही आणि दारात आलेल्या आईबापाला नाही म्हणताना जीवावर येतं." त्यामुळे एवढंच की गंगापूर रोडच्या बाजूला एक मैदान आहे तिथे भरते, सोमवार ते शुक्रवार साडेपाच ते पावणेसात, आठवी नववी दहावीची मुलं-मुली एकत्र. सर एका शाळेतून रिटायर झालेले पीटीचे शिक्षक आहेत आणि सोबत बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी केलेल्या एक ताई आहेत. ज्यांना खरंच हवंय त्यांनी मैदानं फिरून बघा, संध्याकाळी वही हातात घेऊन पळणारी मुलं दिसली की समजा हीच ती बॅच.

आमच्या घरातून दोघं जातात. माझी लेक तेव्हा नववीत होती आणि जाऊबाईंचा मुलगा आठवीत. दोघांची तऱ्हा अगदी उलट आणि म्हणूनच मला हा रिव्ह्यू लिहावासा वाटला, कारण आतापर्यंत जिथे जिथे गेलो तिथे एक तर खेळणाऱ्या पोराला पिळून काढतात नाहीतर न खेळणाऱ्या पोराला कडेला बसवतात, या दोन्ही मुलांना एकाच मैदानावर नीट सांभाळणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

लेकीचं सांगते. ती खेळाडू नाही. पाचवीपासून शाळेत टीम पाडताना ही शेवटी उरायची, मग हिला स्कोअर लिहायला बसवायचे. दिवाळीनंतर पीटीचा तास गणिताला द्यायचे तेव्हा आम्हाला पालकांनाही बरंच वाटायचं हे कबूल करते. नववी-दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण असा विषय आहे बोर्डाचा, पण तो श्रेणीचा, टक्क्यात धरत नाहीत, मग काय, वही पूर्ण केली, आकृत्या काढल्या, झालं. आठवीत हिला त्या विषयात चांगली श्रेणी होती आणि त्याच उन्हाळ्यात पांडवलेणी चढताना पोरगी तीनदा पायरीवर बसली, ओठ पांढरे पडले होते. मी तिला आळशी म्हणाले. ते पुढे सांगते कारण ते मला अजून टोचतं.

पुतण्या उलट. दिवसभर पायात फुटबॉल. त्याला एका अ‍ॅकॅडमीत घातलं होतं, नाव नको, तिथे पहिल्या दिवसापासून मैदानाला दहा राऊंड आणि जो मागे राहील त्याला आणखी दोन. दोन महिन्यात याचा डावा गुडघा दुखायला लागला, जिना उतरताना कठडा धरायचा. तिथल्या कोचला सांगितलं तर म्हणे सवय नाही म्हणून दुखतंय, पळला की मोकळा होईल. पोरगं बिचारं पळत राहिलं.

इथे आलो त्या पहिल्या दिवशी सरांनी दोघांपैकी कोणालाच पळवलं नाही. कट्ट्यावर बसवलं आणि विचारत बसले. रात्री किती वाजता झोपतोस, सकाळी काय खाऊन निघतेस, शाळेत पाणी किती पितेस. लेक म्हणाली, "नाही पीत, बाटली तशीच घरी आणते." का, तर शाळेचं टॉयलेट घाण असतं म्हणून दिवसभर जायलाच नको. मी आई आहे तिची, रोज बाटली भरून देते आणि हे मला माहीत नव्हतं. ताईंनी ते वहीत लिहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बहुतेक मुलींचं हेच असतं हो."

मग पुतण्याचा गुडघा. सर मातीत उकिडवे बसले, त्याचा पाय सरळ करून अंगठ्याने वाटीच्या खाली दोन बोटं, जिथे नडगीचं हाड सुरू होताना उंचवटा लागतो ना, नेमकं तिथे दाबलं. पोरगं ओरडलंच. दुसऱ्या पायाला तिथेच दाबलं तर काही नाही. सर म्हणाले, हे मी नाही ठरवणार, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, पण या वयात भरभर उंची वाढत असते, मांडीचा मोठा स्नायू वाटीखालच्या शिरेने त्या उंचवट्याला ओढत असतो आणि तिथलं हाड अजून कच्चं असतं, त्यात रोज दहा राऊंड आणि उड्या, मग ते सुजणारच. डॉक्टरांनी तेच सांगितलं, नावही सांगितलं, ऑसगुड श्लॅटर, वाढत्या वयातल्या खेळणाऱ्या मुलांत नेहमी दिसणारं. ऑपरेशन बिपरेशन काही नाही, उड्या आणि धावणं कमी, बर्फ, मांडीचं स्ट्रेचिंग, वाढ थांबत आली की बहुतेकांचं आपोआप जातं. इथे त्याला अडीच महिने पळू दिलं नाही पण घरीही बसवलं नाही, पाठीवर झोपून पाय उचलायचे, हातांचे व्यायाम, खांबावरच्या बारला लटकायचं, असं चालू होतं. दिवाळीच्या आसपास तो परत खेळायला लागला.

आता टेस्टचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची मोजणी होते, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, ५० मीटर, बसून पुढे वाकून बोटं कुठपर्यंत पोचतात ते, तीस सेकंदात पोटाचे किती कर्ल होतात ते, पुशअप्स. खेलो इंडियाच्या शाळेतल्या टेस्टमध्ये हेच प्रकार असतात, त्यामुळे नवीन काही नाही. नवीन हे की आकडा मोठ्याने वाचत नाहीत. ज्याचा त्याच्या वहीत. लेकीचं ६०० मीटर पहिल्यांदा ४ मिनिटं २० सेकंद, अर्धं चालतच. सरांनी वहीत एवढंच लिहिलं, 'पूर्ण केलं.' परवाच्या टेस्टला ३ मिनिटं ५ सेकंद आलं आणि शेवटपर्यंत पळत आली. पुतण्या तेच २ मिनिटं १० मध्ये करतो. घरी दोघं एकमेकांच्या वह्या बघतात आणि त्यात काही वाटून घेत नाहीत कारण तिथे शिकवलंच असं की तुझा आकडा तुझ्याच आधीच्या आकड्याशी बघायचा.

वहीबद्दल थोडं जास्तच लिहिते कारण मला ती फार आवडली. साधी दोनशे पानी वही. रोज सकाळी उठल्या उठल्या अंथरुणात नाडी मोजायची, मनगटावर दोन बोटं, अंगठा नाही, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. मग झोप किती, पाणी किती, कुठे दुखतंय का. मुलींच्या वहीत पाळीची तारीख, ते पान ताई सोडून कोणी बघत नाही. लेकीची नाडी जूनमध्ये ९२ च्या आसपास असायची आता ७६–७८ असते. मार्चमध्ये एकदा सकाळी ९६ आली तर ती स्वतःच म्हणाली, आई मला काहीतरी होतंय, संध्याकाळी ताप आला. चौदा वर्षाच्या मुलीला आपल्या शरीराचं हे कळणं ही माझ्या मते शंभर मार्कांची गोष्ट आहे.

पळताना किती जोर लावायचा हे मशीनने नाही, बोलण्यावरून ठरवतात. पळता पळता पाढा म्हणायचा. तेराचा पाढा न अडखळता येतोय म्हणजे मध्यम जोर, दोन आकडे म्हणून श्वास घ्यावा लागतोय म्हणजे जास्त, आणि गाणं म्हणता येतंय म्हणजे अजून पळ. कडेला उभं राहून ऐकायला फार गोड वाटतं ते, अठ्ठावीस पोरं धापा टाकत तेर सत्ते एक्क्याण्णव करत जातायत.

रोजचं साधारण असं, दहा मिनिटं अंग मोकळं करणं, मग खेळ, आठवड्यातले तीन दिवस ताकदीचे व्यायाम, शेवटी स्ट्रेचिंग. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी आणि त्यात आठवड्यातून निदान ३ दिवस स्नायू आणि हाडं मजबूत करणारं काही असावं, सर पालकांना पहिल्या मीटिंगलाच हे सांगतात आणि म्हणतात शनिवार-रविवार तुमचा. मग आम्ही शनिवारी सोमेश्वरपर्यंत सायकली काढतो किंवा चामर लेणी चढतो. पांडवलेणी डिसेंबरात परत चढलो, एका दमात, आणि वर जाऊन लेकीने मला पाणी दिलं.

खेळात खो-खो, कबड्डी, लंगडी, डॉजबॉल. लंगडी का तर सर सांगतात एका पायावर तोल, पोटरी आणि हाडांवर भार, तिन्ही एकदम होतं आणि हाडं भरण्याचं हेच वय, नंतर आयुष्यभर त्याच भांडवलावर काढायचं असतं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या मुलींनी आणि मुलांनी दोन्ही जिंकला आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, ते सगळं पोरांना पाठ आहे. पण सर खेळाडूंच्या गोष्टी सांगतात त्या वेगळ्या कारणाने. कविता राऊत आपल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १०,००० मीटरला ब्राँझ, हे नाशकात कोणाला नवीन नाही. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे, नाव वल्हवायला शिकले ते आर्मीत गेल्यावर आणि २०१६ ला थेट रिओ ऑलिम्पिक. सर हे सांगून म्हणतात, बघा, चौदाव्या वर्षी तुम्हाला एखादा खेळ येत नाही म्हणजे तुमचं शरीर खेळासाठी नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. लेकीने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

शुक्रवारी शेवटचा अर्धा तास आरोग्याचा. माझ्यासाठी पैसे वसूल होतात ते इथे.

ऑगस्टमध्ये ताईंनी सगळ्या मुलींच्या पालकांना सांगितलं की एकदा सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करून घ्या. आमचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन १०.२. मुलींना १२ च्या वर हवं. मी रिपोर्ट हातात धरून बसून राहिले, पांडवलेणीच्या पायरीवर बसलेलं ते पोर आठवलं आणि मी तिला काय बोलले ते. दुसऱ्या शुक्रवारी ताईंनी सांगितलं की २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्त कमी असणं, निघाला होता, म्हणजे वर्गातल्या दहा मुलींतल्या सहा. आणि आपण त्यांना आळशी, नाजूक, अभ्यासात लक्ष नाही असं म्हणतो.

सरकारची आठवड्याला एक लोहाची निळी गोळी असते शाळेतल्या मुलांसाठी, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, मुली घेतच नाहीत, कोणी सांगितलेलं असतं मळमळतं, कोणाला संडास काळी झाली म्हणून भीती वाटते. ताईंनी समोर बसवून सांगितलं की काळी होणारच, ते लोहच आहे, घाबरायचं नाही, रिकाम्या पोटी घ्यायची नाही, जेवल्यावर घ्यायची आणि त्यावर तासभर तरी चहा नाही कारण चहाने लोह शोषलं जात नाही, लिंबू किंवा आवळा घेतला तर उलट जास्त शोषलं जातं. आमच्याकडे जेवण झालं की चहा ही जुनी सवय, ती मोडली, सासूबाईंनी सुद्धा मोडली. लेकीला आमच्या डॉक्टरांनी वेगळ्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली, डिसेंबरअखेर हिमोग्लोबिन १२.१. तिच्या पळण्यात जो फरक पडलाय त्यातला अर्धा मैदानाचा आणि अर्धा या गोळीचा असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पाळीवर ताईंनी मुलींचा वेगळा तास घेतला आणि सरांनी मुलांचा वेगळा, पण मुलांच्या तासातही पाळीबद्दल सांगितलं हे मला विशेष वाटलं. मुलींना पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, पाळीत पळलं तर काही बिघडत नाही, उलट कित्येकींना पोटातलं दुखणं कमी होतं, पण नको वाटलं तर नको, आणि दुखणं इतकं की शाळा बुडतेय तर डॉक्टरकडे जायचं, सहन करत बसायचं नाही. मैदानावर नियम असा की कोणतीही मुलगी 'आज मी बसते' म्हणाली तर कारण विचारायचं नाही. मुलांना आवाज फुटणं, मिशी, रात्री होणारं, सगळं सरळ शब्दात. पुतण्याने घरी येऊन आईला सांगितलं की सर म्हणाले हे सगळ्यांना होतं. जाऊबाई मला म्हणाल्या, हे आपल्या घरात कोण बोललं असतं गं, आणि खरंच कोणी बोललं नसतं.

दहावीच्या मुलांचं खूळ म्हणजे प्रोटीन पावडर. सरांनी फळ्यावर हिशोब मांडला, ५० किलोच्या पोराला साधारण ५० ग्रॅम प्रोटीन, दोन अंडी १२, मोठा ग्लास दूध ८, मूठभर शेंगदाणे ७–८, दोन वेळची वरण-उसळ आणि पोळ्या-भाकरी, झालं की. अंडी न खाणाऱ्यांसाठी मटकी, दही, फुटाणे. डबा आवडला नाही म्हणून अर्धा परत आणायचा आणि वर तीन हजाराचा डबा विकत घ्यायचा हे चालणार नाही म्हणाले. वजन उचलल्याने उंची खुंटते ही समजूतही काढली, नीट शिकवणारं माणूस समोर असेल आणि वजन झेपेल तेवढंच असेल तर या वयात ताकदीचा व्यायाम चांगलाच, धोका असतो तो चुकीच्या पद्धतीचा आणि एकमेकांच्या ईर्षेने जास्त उचलण्याचा.

एका शुक्रवारी कोल्ड्रिंकची रिकामी बाटली आणून मागचं बारीक अक्षर वाचायला लावलं. १०० मिलीला दहा ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे ३०० मिलीत तीस ग्रॅम. एका मुलाला कागदावर चमच्याने तेवढी साखर काढायला लावली, सात चमचे सपाट काढून आठवा अर्धा. पोरं बघत राहिली. कोणी काही उपदेश केला नाही, साखर तिथेच कागदावर पडून होती, मुंग्या आल्या.

तंबाखूचा तासही असाच. कायद्याने शाळेपासून १०० यार्डाच्या आत म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे आणि महाराष्ट्रात गुटखा तर २०१२ पासूनच बंद. सर म्हणाले उद्या आपापल्या शाळेच्या गेटपासून टपरीपर्यंत पावलं मोजून या. कोणाची साठ पावलं, कोणाची चाळीस. तीन मुलांनी मिळून मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. टपरी हलली का नाही ते मला माहीत नाही पण पत्र मी वाचलंय, पोरांनी अंतर मीटरमध्ये टाकलं होतं.

फेब्रुवारीत एक डॉक्टर येऊन हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची (सीपीआर) ते शिकवून गेले, पुतळ्यावर प्रत्येकाने केलं, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, निदान ५ सेंटिमीटर खोल, आणि आधी कोणालातरी १०८ ला फोन लावायला सांगायचं. लेक म्हणाली दोन मिनिटात हात भरून येतात, म्हणून आळीपाळीने करायचं असतं.

आता जे आवडलं नाही ते.

मैदानावर टॉयलेट एकच आणि सहा महिने त्याची कडी तुटलेली. मुली जोडीने जायच्या, एकीने दार धरायचं. जी बॅच पहिल्याच दिवशी विचारते पाणी का पीत नाहीस, तिथेच ही अवस्था असावी याचा मला मनापासून राग आला आणि मी तो सरांना बोलून दाखवला. मैदान त्यांचं नाही, भाड्याने आहे, मालक ऐकत नाही वगैरे कारणं खरी असतीलही. शेवटी जानेवारीत आम्ही पालकांनी दोन-दोनशे रुपये काढून कडी, नळ आणि बल्ब बसवून घेतला. हे फी घेणाऱ्याने आधीच करायला हवं होतं.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्ट मिळून दोन आठवडे तरी बॅच झालीच नाही, पर्यायी हॉल घेतला त्याची फरशी गुळगुळीत, ओल्या बुटाने दोन पोरं घसरली. बुडलेल्या दिवसांचं काही भरून दिलं नाही. थंडीत सहा वाजताच अंधार आणि मैदानाला एकच हॅलोजन, डिसेंबरात पुतण्याचा पाय खड्ड्यात मुरगळला. त्यानंतर वेळ पाचची केली तर ट्यूशनवाल्यांची बोंब. आणि नाशिकची थंडी म्हणजे पारा दहाच्या खाली, घामेजल्या अंगाने पोरं गाडीवर मागे बसून घरी जातात, स्वेटर पाठवा असा एक मेसेज टाकायला काय हरकत होती.

आणखी एक गंभीर गोष्ट झाली होती. ऑगस्टमध्ये वजन सगळ्यांचं रांगेत उभं करून केलं, एका मुलाच्या आकड्यावर मागची पोरं हसली आणि तो पुढे चार दिवस आला नाही. मी आणि अजून दोन आया जाऊन बोललो. सरांनी ऐकून घेतलं, त्या मुलाच्या घरी गेले आणि त्यानंतर वजन ताईंच्या खोलीत एकेकाला बोलावून, काट्याचा आकडा मुलाने बघायचा का नाही ते त्याने ठरवायचं. चूक झाली पण सुधारली, हे नोंदवते.

खाण्याबाबत सर जरा जास्तच कडक आहेत, रविवारची मिसळ सुद्धा नको म्हणतात. मला ते पटलं नाही. नाशकात वाढणाऱ्या पोराला मिसळ नको म्हणून कसं चालेल, मटकी जास्त घ्या, तर्री कमी घ्या, दही घ्या, ताईंचं म्हणणंही हेच आहे आणि आम्ही ताईंचं ऐकतो.

फी महिन्याला ९००, तीन महिन्यांचे एकदम भरले तर २,५००. ट्यूशनच्या मानाने काहीच नाही. बूट महागडे लागत नाहीत, सरांनी सांगितलंय संध्याकाळी घ्यायला जा कारण दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात, पुढे अंगठ्याएवढी जागा सोडा आणि दोन्ही पायात घालून दुकानात चालून बघा. आम्ही मेन रोडवरून ११०० चे घेतले, वर्ष निघालं. सरांच्या पिशवीत क्रेप बँडेज, बर्फाचा डबा, ओआरएसची पाकिटं असतात आणि पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच टाकायचं, अर्ध्या ग्लासात नाही, हे प्रत्येक पोराला माहीत आहे. दम्याची दोन मुलं आहेत, त्यांचे पंप कुठल्या कप्प्यात आहेत ते सगळ्या बॅचला दाखवून ठेवलंय. ही गोष्ट मला खूप मोठी वाटते.

ज्यांना शालेय स्पर्धा, सिलेक्शन, दहावीचे क्रीडा गुण यासाठी घालायचंय त्यांनी इथे येऊ नका, त्यांनी त्या त्या खेळाच्या चांगल्या क्लबला जावं, सरही हेच सांगून परत पाठवतात. बाकी ज्यांचं मूल कुठल्याच टीममध्ये नाही, दिवसभर शाळा-ट्यूशन-मोबाईल करतंय, किंवा उलट खेळून खेळून दुखणी घेऊन बसलंय, त्यांनी नक्की घाला. दहावी आहे म्हणून जानेवारीपासून काढून घेणारे पालक खूप आहेत, त्यांच्यासाठी सरांनी आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटांची वेगळी बॅच ठेवली आहे. आमची लेक आता दहावीत चाललीय, व्हेकेशन बॅच सुरू झालीय, सकाळी साडेसहाची ट्यूशन आहे, तरी आम्ही काढणार नाही आहोत. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते असं वहीच्या मागच्या पानावर तिनेच चिकटवलंय आणि साडेनऊला मोबाईल हॉलमध्ये आणून ठेवते, मी न सांगता.

नवीन प्रवेश शाळा सुरू झाल्यावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात. आधी एखाद्या शुक्रवारी जाऊन कट्ट्यावर बसून बघा, पालकांना बसू देतात. येताना मुलाची जुनी रिपोर्टची फाईल, एक लिटरची पाण्याची बाटली आणि दोनशे पानी वही आणा. चप्पल घालून आलेल्या पोराला त्या दिवशी खेळू देत नाहीत, पण परतही पाठवत नाहीत, ताईंजवळ बसवून बाकीच्यांच्या नाड्या मोजायला लावतात.